दालनात उभ्या असलेल्या माणसाला काय म्हणायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मध्यम आकाराचं संग्रहालय. तिकीट खिडकी, सामानघर आणि दालनं मिळून १४ पगारी माणसं, आणि आठवड्याला एखाद-दोन पाळ्या करणारे ४० स्वयंसेवक. आजवर पगारी लोकांच्या बिल्ल्यावर ‘सुरक्षा व देखरेख’ लिहिलेलं असायचं आणि स्वयंसेवकांच्या बिल्ल्यावर नुसतं ‘स्वयंसेवक’. नव्या संचालकांना सगळ्यांसाठी एकच नाव हवंय, ‘अनुभव दूत’. पगारी मंडळी यावर काहीच बोलत नाहीत, स्वयंसेवकांपैकी काहींना ‘डोसेंट’ (प्रेक्षकांना फेरी घडवून समजावून सांगणारा, हा अमेरिकी संग्रहालयांतला शब्द) म्हणवून घ्यायचंय, आणि महिनाभरात नावं ठरवायचं काम तुमच्याकडे आलंय.

माझं पहिलं सांगणं हे की नावांची यादी आठवडाभर बाजूला ठेवा. आधी प्रत्येक जागेसाठी एक कागद घ्या आणि त्या जागेवरचा माणूस कुणालाही न विचारता काय काय करू शकतो ते लिहा. हरवलेल्या मुलाला तो स्वतःहून कर्मचाऱ्यांच्या खोलीत नेऊन बसवू शकतो का? चुकून उद्याचं तिकीट काढलेल्या कुटुंबाला आज आत सोडू शकतो का? फार गर्दी झाली तर दालनाचं दार पाच मिनिटं बंद ठेवू शकतो का? खुर्ची हवी असलेल्या आजींना खुर्ची आणून देऊ शकतो का, की त्यासाठीही वॉकीटॉकीवर विचारावं लागतं? वस्तूबद्दल कुणी काही विचारलं तर उत्तर देऊ शकतो का, की फलकाकडे बोट दाखवायचं? हा कागद जेवढा भरेल तेवढंच मोठं नाव त्या माणसाला पेलतं. नाव कागदापेक्षा मोठं असेल तर तो माणूस रोज प्रेक्षकासमोर तोंडघशी पडतो. नाव कागदापेक्षा लहान असेल तर त्याला येत असलेल्या गोष्टी कुणी त्याच्याकडे मागतच नाही. मी दोन्ही पाहिलंय, आणि दुसरं जास्त वेळा.

माझी सुरुवातही दालनातच झाली. तेव्हा आमच्याकडे एक ताई होत्या, एकाच दालनात कित्येक वर्षं काढलेल्या. रोज सकाळी दारं उघडण्याआधी त्या स्वतः काचा पुसायच्या, आणि पुसण्याआधी नीट बघायच्या. मातीच्या एका छोट्या खेळण्यातल्या गाडीच्या काचेवर खालच्या बाजूला नाकांचे ठसे असायचे, आणि पेटीच्या कडेवर बुटांच्या टाचांचे. मुलांना गाडी दिसत नाही म्हणून ती कडेवर चढतात, पेटी वीतभर खाली घ्यायला हवी, हे त्यांना केव्हाच कळलं होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. एके दिवशी एका मुलाने त्यांना सरळ विचारलं, “याची चाकं फिरतात का हो?” आई त्याला मागे ओढत म्हणाली, “त्यांना नको विचारू, त्या पहारेकरी आहेत.” ताई खाली बघत राहिल्या. उत्तर त्यांना ठाऊक होतं. जतनविभागाच्या माणसाने हातमोजा घालून ती चाकं फिरवून पाहिली, तेव्हा त्या शेजारी उभ्या होत्या.

पुढे वर्षभरात आमचे बिल्ले बदलले. ‘सुरक्षा’ जाऊन ‘गॅलरी होस्ट’ आलं, नवा रंग, नवं अक्षर. ताईंच्या दिवसात काडीचाही फरक पडला नाही, कारण नियमपुस्तिकेत एक ओळ तशीच होती: ‘ड्यूटीवर असताना प्रेक्षकांशी अनावश्यक बोलू नये.’ होस्टने बोलायचं नाही. प्रेक्षक आता जास्त विचारायचे आणि ताई आता जास्त वेळा ‘माहीत नाही’ म्हणायच्या. ती ओळ काढून टाकायला आणखी दोन वर्षं गेली. ज्या आठवड्यात ती गेली त्याच आठवड्यात मी त्यांना एका शाळेच्या रांगेला गाडीची चाकं समजावून सांगताना पाहिलं, दोन्ही हात हवेत फिरवत. बिल्ला तोच होता. तुम्ही नाव बदलायला बसाल तेव्हा शेजारी नियमपुस्तिका उघडी ठेवा, असं मी म्हणते ते यासाठी.

आता नावांकडे येऊ. एकच नाव शोधण्यात बहुतेक संस्था अडकतात, कारण पदनाम तीन ठिकाणी राहतं आणि तिन्ही ठिकाणी त्याचं काम वेगळं असतं. पहिलं ठिकाण कागद: नेमणूकपत्र, पगारपत्रक, अनुभवाचा दाखला. दुसरं छातीवरचा बिल्ला. तिसरं लोकांचं तोंड. सहकारी एकमेकांना काय म्हणतात, वॉकीटॉकीवर काय हाक जाते, प्रेक्षक तक्रारवहीत काय लिहितो. लंडनच्या ‘टॉवर’ या जुन्या किल्ल्यातल्या रक्षकांचं उदाहरण बघा. कागदावर ते ‘योमन वॉर्डर’ आहेत, आणि पुढे राजवाड्याचं नि राजरक्षकदलाचं नाव जोडलेलं लांबलचक अधिकृत बिरुद आहे. सैन्यात किमान २२ वर्षं काढल्याशिवाय तिथे नेमणूक होत नाही. पण जगभरचा पर्यटक त्यांना ‘बीफईटर’ म्हणतो. दोन्ही नावं शेजारी शेजारी नांदतात, कुणाचं काही बिघडत नाही, कारण कागद कागदाचं काम करतो आणि तोंड तोंडाचं.

कागदावरचं नाव बाहेरच्या जगाला कळेल असं ठेवा. तुमच्याकडची मुलगी तीन वर्षांनी दुसरीकडे अर्ज करेल तेव्हा तिचा अर्ज वाचणाऱ्याला ‘अनुभव दूत’ म्हणजे तिने नेमकं काय केलं हे कळणार नाही. ‘प्रेक्षक सेवा सहायक’ लिहिलं तर कळेल. ‘वरिष्ठ’ लागलं तर ती वर चढली हेही कळेल. सगळ्यांना एकच नाव देण्यातला सर्वांत मोठा तोटा हाच आहे. जिना नाहीसा होतो. पहिल्या दिवशी आलेला आणि बारा वर्षं काढलेला, दोघे ‘दूत’. संचालकांच्या मनात समता असेल, आणि ती भावना मला आवडते. पण बारा वर्षं काढलेल्या माणसाला ती समता वाटत नाही, पुसून टाकल्यासारखं वाटतं. पगारी मंडळी गप्प आहेत म्हणालात, त्यामागे हे असू शकतं. आणखी एक भीती असते, ती सहसा कुणी बोलून दाखवत नाही: पगारवाढीच्या जागी नाव येतंय की काय. त्यांना पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगा की नावाचा पगाराशी काय संबंध आहे किंवा नाही. नाव बदलून जबाबदारी वाढणार असेल तर पगाराचा प्रश्न त्याच बैठकीत घ्या. तो टाळून ठरवलेलं कोणतंही नाव, कितीही चांगलं असो, आमच्या लोकांच्या तोंडात कडू होतं.

जाहिरातीत जाणारंही कागदावरचंच नाव, आणि कोण अर्ज करणार हे ते नाव ठरवतं. ‘सुरक्षा’ म्हटलं तर आधी कुठेतरी पहाऱ्याचं काम केलेले येतात. ‘संग्रहालय सहायक’ म्हटलं तर इतिहास शिकलेली मुलं येतात, ज्यांना आत जाऊन संग्रहावर काम करायचंय. सहा महिने खिडकीवर तिकिटं फाडून ती निराश होतात आणि सोडून जातात. यात दोष मुलांचा नाही. ‘प्रेक्षक’ हा शब्द नावात आला की अर्ज करणाऱ्याला कळतं, हे काम माणसांसोबतचं आहे.

बिल्ल्यावरच्या नावाचा मालक प्रेक्षक. त्याला एकच गोष्ट कळली पाहिजे, या माणसाला मी विचारू शकतो का आणि काय विचारू शकतो. सहा पावलांवर उभं राहून वाचता येत नसेल तर बिल्ला निकामी. माझ्या मते सर्वांत मोठं अक्षर माणसाच्या पहिल्या नावाचं असावं, खाली पदनाम, दोन शब्दांपेक्षा जास्त नाही. पूर्ण नाव लावायची सक्ती करू नका. आडनावावरून घरचा पत्ता नि समाजमाध्यमांवरचं खातं शोधून त्रास दिल्याचे प्रसंग आमच्या मुलींवर आलेत, आणि त्यानंतर आम्ही प्रत्येकाला स्वतःच्या पसंतीचं नाव लावायची मुभा दिली. कुठल्या भाषा बोलता येतात त्या खाली छोट्या अक्षरात लिहिल्या तर परक्या प्रेक्षकाला त्या एका ओळीचा उपयोग कोणत्याही पदनामापेक्षा जास्त होतो.

तोंडातलं नाव तुम्ही ठरवू शकत नाही, पण ऐकू शकता. एक दिवस वॉकीटॉकीवर कान ठेवून बसा. ‘गार्डला पाठवा’ असं कार्यालयातून कुणी म्हणत असेल तर बिल्ल्यावर काहीही लिहा, त्या इमारतीत तो माणूस गार्डच आहे. बदल करायचा तो कार्यालयात करावा लागेल.

आता शब्द घेऊ, एकेक तपासून.

‘गार्ड’, ‘सुरक्षारक्षक’, ‘पहारेकरी’: या शब्दात लाज वाटण्यासारखं काहीही नाही. वस्तू जपणं हे संग्रहालयाचं मूळ काम आहे आणि ते करणाऱ्याचं नाव अभिमानाने लिहावं. २०२२ साली बाल्टिमोर म्युझियम ऑफ आर्टने आपल्या १७ सुरक्षा कर्मचाऱ्यांना संग्रहातल्या कलाकृती निवडून प्रदर्शन मांडायला सांगितलं होतं. तासन्‌तास चित्रांसमोर उभं राहिलेल्या माणसांची नजर काय असते ते तिथे लोकांना दिसलं. पण शब्द वापरण्याआधी दोन गोष्टी पाहा. एक, तुमच्या देशातला कायदा. सुरक्षेचं काम काही ठिकाणी परवान्याचं असतं. ब्रिटनमध्ये २००१च्या कायद्यानुसार कंत्राटी पहारेकऱ्याला परवाना लागतो. ज्यांना तसं प्रशिक्षण नाही त्यांच्या छातीवर ‘सुरक्षा’ लिहिलं तर मारामारी सोडवायला ते धावतील अशी अपेक्षा लोक करणारच, आणि जखमी तुमचा माणूस होईल. दुसरं, तो माणूस दिवसात खरोखर काय करतो? आमच्याकडे आम्ही सगळ्यांना आठवडाभर प्रत्येक प्रश्नासाठी वहीत एक रेघ मारायला सांगितलं होतं. स्वच्छतागृह कुठे, बाहेर जायचा रस्ता कुठे, फोटो काढला तर चालतो का, ते अमुक चित्र कुठल्या मजल्यावर आहे, बसायला जागा आहे का. पहाऱ्याशी संबंध असलेल्या रेघा, म्हणजे हात लावू नका आणि पळू नका, त्या मानाने कमीच निघाल्या. तुमच्या १४ जणांकडून हे करून घ्या. त्या वह्या संचालकांपुढे ठेवल्यात की निम्मी चर्चा आपोआप सरळ मार्गाला लागते.

फ्रेंचांनी यातून एक वाट काढली आहे. लूव्रसारख्या ठिकाणी दालनातल्या कर्मचाऱ्याला जे म्हणतात त्याचा अर्थ ‘स्वागत आणि देखरेख करणारा’ असा होतो. दोन्ही कामं एकाच नावात, आणि स्वागत आधी. मला हा क्रम महत्त्वाचा वाटतो. तुमच्या सध्याच्या ‘सुरक्षा व देखरेख’मध्ये दोन्ही शब्द एकाच बाजूचे आहेत. प्रेक्षकासाठी त्यात जागाच नाही.

‘अटेंडंट’साठी मराठीत ‘परिचर’ आहे. कागदोपत्री रुळलेला, नेमका शब्द. पण त्याचं स्त्रीलिंगी रूप करायला गेलात की ‘परिचारिका’ होतं आणि प्रेक्षकाला दवाखाना आठवतो. ‘दालन परिचर’ दोघांनाही लावता येईल, फक्त तो बिल्ल्यावर फार सरकारी दिसतो. ‘सेवक’ मी टाळते. सेवा हा शब्द मोठा आहे, पण ‘सेवक’ वाचल्यावर लोक विनंती करायच्या ऐवजी हुकूम सोडतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ‘सहायक’ चालतो, पण त्याच्या आधीचा शब्द जपून निवडा. आपल्याकडे ‘सहायक’ म्हटलं की मनात पहिला प्रश्न येतो, कुणाचा? ‘दालन सहायक’ म्हटलं तर माणूस जागेशी बांधला जातो आणि वरचा साहेब नाहीसा होतो. हे मला बरं वाटतं.

‘होस्ट’ इंग्रजीत गोड आहे. मराठीत ‘यजमान’ करू नका, कित्येक घरांत त्याचा अर्थ नवरा असा आहे. ‘इंटरप्रिटर’, म्हणजे जागेचा अर्थ उलगडून सांगणारा, हा शब्द अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत आणि कलोनियल विल्यम्सबर्गसारख्या जिवंत इतिहासाच्या ठिकाणी मुरलाय. अमेरिकी लेखक फ्रीमन टिल्डन यांनी १९५७ साली त्यामागचा विचार मांडला: नुसती माहिती देण्याने भागत नाही, ती पाहणाऱ्याच्या स्वतःच्या अनुभवाला जाऊन भिडली पाहिजे. विचार फार मोलाचा आहे, पण बिल्ल्यावर ‘इंटरप्रिटर’ वाचणारा दुभाषा शोधत येईल. ‘निदर्शक’ म्हणजे प्रयोग करून दाखवणारा, पण बातम्यांमुळे तो शब्द आता मोर्च्यातल्या माणसाचा झालाय. विज्ञानकेंद्रांनी ‘एक्स्प्लेनर’ वापरला. सॅन फ्रान्सिस्कोचं एक्स्प्लोरेटोरियम १९६९ साली सुरू झालं, भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक ओपनहायमर यांनी उभं केलेलं. तिथे त्यांनी शाळकरी वयाच्या मुलांना पगार देऊन या नावाने प्रयोगांपाशी उभं केलं. तिथे तो शब्द का टिकला असेल, तर मुलांना खरोखर ते काम दिलेलं होतं. यंत्र उघडायचं, प्रेक्षकाबरोबर चाचपडायचं, चुकायचं, पुन्हा करायचं. शब्दाच्या मागे अधिकार होता.

‘डोसेंट’बद्दल जरा जास्त लिहिते, कारण तुमच्या स्वयंसेवकांचा जीव त्यात अडकलाय. मूळ लॅटिन धातू शिकवण्याचा. संग्रहालयात तो शब्द बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्सने १९०७च्या सुमारास आणला. तिथले सचिव बेंजामिन आइव्ह्ज गिलमन त्याचे मोठे पुरस्कर्ते होते. अमेरिकेत आज तो सर्वमान्य आहे. अमेरिकेबाहेर मात्र सामान्य प्रेक्षकाला तो कळत नाही, आणि युरोपातल्या काही देशांत ‘डोसेंट’ हे विद्यापीठातल्या अध्यापकाचं पद आहे. तिथून आलेला पाहुणा तुमच्या स्वयंसेवकाला प्राध्यापक समजेल. तरी स्वयंसेवकांना तो का हवा आहे ते नीट ऐका. ‘आम्ही नुसते मदतीला उभे नाही, आम्ही अभ्यास केलाय’ हे त्यांना सांगायचंय. ती मागणी रास्त आहे. तिला न्याय देणारा सरळ शब्द मराठीत आहे, ‘मार्गदर्शक’. स्त्री असो वा पुरुष, आहे तसा चालतो, हवं त्यांनी ‘मार्गदर्शिका’ लावावं, आणि शाळकरी मुलालाही कळतो. तो मात्र फेरी घेऊन जाणाऱ्यांनाच द्या, आणि ठरलेला अभ्यासक्रम पुरा केलेल्यांनाच. सगळ्यांना वाटलात तर ज्यांनी हिवाळाभर टिपणं काढली त्यांच्या हातात काही उरणार नाही.

उरला ‘दूत’, इंग्रजीतला ‘अ‍ॅम्बॅसडर’. दूत दुसऱ्याचा निरोप घेऊन येतो, स्वतःहून निर्णय घेत नाही. तुम्हाला खरोखर तसा माणूस हवा आहे का? बाहेर शाळांत, मेळाव्यांत जाऊन संग्रहालयाबद्दल बोलणाऱ्या स्वयंसेवकाला हे नाव शोभेल, तो खरंच निरोप घेऊन जातो. दालनात उभ्या असलेल्या माणसाचं काम तिथल्या तिथे निर्णय घेण्याचं आहे. आणि ‘अनुभव’ हा शब्द बिल्ल्यावर प्रेक्षकाला काहीच सांगत नाही. पाठ दुखत असलेला माणूस खुर्ची शोधतो, तेव्हा ‘अनुभव’ वाचून त्याला वाटत नाही की याला विचारावं. संचालकांचा हेतू चांगला आहे, तो विभागाच्या नावात जपा. ‘प्रेक्षक अनुभव विभाग’ कागदावर छान दिसेल.

स्वयंसेवकांचा प्रश्न शब्दांपेक्षा खोल आहे. माझा नियम असा की पगारी आणि बिनपगारी माणूस यांचं पदनाम हुबेहूब एकच असू नये, आणि तरीही बिल्ल्यावर त्यांच्यात उच्च-नीच दिसू नये. एकच नाव दिलं की व्यवस्थापनातल्या कुणाला तरी एके दिवशी सुचतं, काम तेच, नाव तेच, मग पगार कशाला? हे कुणी वाईट हेतूने करतं असंही नाही. अंदाजपत्रकाच्या बैठकीत तक्त्यावर दोन ओळी सारख्या दिसतात एवढंच. अमेरिकेत कायद्याने सार्वजनिक संस्थेचा कर्मचारी त्याच संस्थेत त्याच प्रकारचं काम स्वयंसेवक म्हणून करू शकत नाही. प्रत्येक देशाचा कायदा वेगळा, तुमच्या वकिलाला विचारा, पण त्यामागची काळजी सगळीकडे सारखीच आहे. उलट बाजूचं उदाहरण शिकागोचं. २०२१ साली तिथल्या आर्ट इन्स्टिट्यूट या कलासंग्रहालयाने सुमारे ६० वर्षं चाललेला स्वयंसेवी डोसेंटांचा कार्यक्रम बंद केला आणि पगारी शिक्षकांकडे वळायचं ठरवलं. बिनपगारी काम करायला वेळ नि पैसा असलेल्यांनाच ते दार उघडं राहतं, हा त्यातला एक मुद्दा होता. मला तो मुद्दा पटतो. पण वर्षानुवर्षं दिलेल्या माणसांना पत्र पाठवून निरोप दिल्याने किती मनं दुखावली, हेही तेव्हा सर्वांनी वाचलं. नाव, काम आणि नातं वेळच्या वेळी स्पष्ट ठेवलं असेल तर बदल करताना माणसं तुटत नाहीत.

‘स्वयंसेवक’ हा शब्द बिल्ल्यावर असावा का, यावर लोक भांडतात. तो असला की काही प्रेक्षक जास्त प्रेमाने वागतात, काही उत्तरावर विश्वास ठेवत नाहीत. मी तो ठेवते, पण दुसऱ्या ओळीत. पहिल्या ओळीत काम: ‘मार्गदर्शक’, ‘स्वागत’, ‘वस्तू हाताळा’. खाली बारीक अक्षरात ‘स्वयंसेवक’ किंवा ‘स्वयंसेविका’, जे तिला हवं ते. नुसतं ‘स्वयंसेवक’ लिहिण्यातली चूक ही, की ते माणसाचा पगार सांगतं, काम सांगत नाही. पगारी माणसाच्या छातीवर आपण ‘पगारी’ लिहीत नाही.

आणीबाणीत मात्र बिल्ला कुणी वाचत नाही. आगीची घंटा वाजली की लोक रंग आणि आवाज बघतात. त्या वेळेसाठी वेगळं भडक जाकीट ठेवा, ते घालायचा हक्क कुणाला आहे ते पाळीच्या फळ्यावर रोज लिहा. ते काम पदनामावर टाकू नका.

तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं ते सांगते. १४ जणांसाठी कागदावर तीन पायऱ्या: प्रेक्षक सेवा सहायक, वरिष्ठ प्रेक्षक सेवा सहायक, पाळीप्रमुख. ‘वरिष्ठ’ नुसत्या वर्षांनी मिळू नये, पण वर्षं मोजली जावीत. ज्याला नव्या माणसाला शिकवता येतं, तक्रार जागेवर मिटवता येते, त्याला ते मिळावं, आणि सोबत वेतनश्रेणीही. बिल्ल्यावर मात्र खिडकीवर ‘तिकीट’, सामानघरात ‘सामान’, दालनात ‘दालन सहायक’, आणि पाळीप्रमुखाचं ‘पाळीप्रमुख’ ठळक, कारण चिडलेल्या प्रेक्षकाला तोच माणूस हवा असतो. ४० स्वयंसेवकांत फेरी नेणारे ‘मार्गदर्शक’, दाराशी उभे राहणारे ‘स्वागत’, टेबलावर नकला मांडून मुलांच्या हाती देणारे ‘हाताळून पाहा’. हे शेवटचं पदनाम नाहीच, आमंत्रण आहे, आणि म्हणूनच मला ते आवडतं. आमच्याकडे ते लावलेल्या काकूंच्या टेबलाशी लोक न बोलावता यायला लागले.

यातलं काहीही छापण्याआधी सगळ्यांना एका खोलीत बसवा, पगारी आणि स्वयंसेवक वेगवेगळ्या दिवशी. एकत्र बसवलंत तर पगारी माणसं बोलणार नाहीत. प्रत्येकाला दोन चिठ्ठ्या द्या. एकीवर ‘घरी विचारलं काय काम करतेस, तर मी काय सांगते’, दुसरीवर ‘प्रेक्षकाने मला काय म्हणून हाक मारलेली आवडत नाही’. चिठ्ठ्यांवर नावं नकोत. पहिल्या ढिगात तुम्हाला पदनामं तयार मिळतील, साधी आणि खरी. दुसऱ्या ढिगातला एक जरी शब्द तुमच्या यादीत असेल तर तो काढा, संचालकांना कितीही आवडला असला तरी. आमच्या दुसऱ्या ढिगात सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द पदनाम नव्हताच. ‘ए’ असं लिहिलेलं होतं. तेव्हापासून आमच्या बिल्ल्यावर पहिलं नाव सर्वांत मोठं आहे.

मग साध्या कागदावर छापलेले बिल्ले दोन आठवडे लावून बघा. दालनातून बाहेर पडणाऱ्या दहा-पंधरा प्रेक्षकांना विचारा, आत तुम्हाला कोण भेटलं आणि ते काय करतात असं वाटलं. त्यांचे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या. वॉकीटॉकी पुन्हा ऐका. जे नाव दोन आठवड्यांत कुणाच्याच तोंडी आलं नाही ते सोडून द्या. सोबत तो अधिकारांचा कागद, प्रत्येकासाठी अर्ध्या पानाचा, संचालकांच्या सहीसह खिशात मावेल असा घडी घालून द्या. धातूच्या बिल्ल्यांची ऑर्डर त्या सह्या झाल्यावरच द्या, आधी नको.